मधली आडवी रेघ

टीव्हीवरच्या जाहिरातीत एक मुलगी
बर्फातून अनवाणी धावते.
बर्फ सांतियागोतल्या स्टुडिओतला, साबणाच्या फेसाचा.
मग ती मोजे चढवते, हसते
आणि पडद्याच्या तळाशी पिवळ्या अक्षरांत
दुकानाचा पत्ता उमटतो.
झालं. तिला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही.

इथे पुन्ता आरेनासला, रेडिओवर,
सगळा भार माझ्या जिभेवर.
तीस सेकंद. त्यातले अकरा पत्त्यातच जातात.
पिएस, मधे आडवी रेघ, तिबिओस,
मग टिंब, मग दोन अक्षरं, सगळी लहान.
कुठेही जागा सोडू नका.

जागा सोडू नका, असं मी सांगते कुणाला,
तर ज्यांच्या या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत
घोड्याला अर्धा दिवस लागतो त्यांना.
मोजे लोकरीचे. लोकर त्यांच्याच मेंढ्यांची.
उत्तरेला जाऊन, धुऊन, रंगून
आता इंटरनेटवर विकायला बसलेली.

जाहिरात संपली की निरोपांचा तास.
“एलेओदोरो मान्सिया, जिथे असाल तिथे ऐका:
बहिणीचं ऑपरेशन नीट झालं. काळजी नसावी.”
“ओतिलिया नाव्हेल्किन यांस:
गुरुवारच्या बसने पिठाची पोती येत आहेत,
फाट्यावर कुणीतरी उभं राहावं.”
हे मी कागद न बघता वाचते.
रेघ मात्र दर वेळी अडखळवते.

चौथ्या दिवशी बसचा ड्रायव्हर
तंबाखूच्या पुडीचा कागद देऊन गेला.
“रेडिओवाल्या बाईंस. त्या रेघेच्या मोज्यांचे
दोन जोड पाठवावेत.
माप सोबतच्या सुतळीएवढं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत.
पैसे लोकर उतरल्यावर.”
खरंच, सुतळी होती. मेंढरांच्या वासाची.

मग येतच राहिल्या.
घोड्याच्या केसांची एक दोरी, एक लाल लोकरीचा धागा,
एक कुंपणाची तार, वाकवून खिशात मावेल अशी.
खिळ्याला टांगल्या सगळ्या, खाली चिठ्ठीवर नावं.
रात्री घरी फूटपट्टी घेऊन बसायचे,
सेंटिमीटर मोजायचे, फोनवर फॉर्म भरायचे.
फॉर्म विचारी: रस्ता? घर क्रमांक?
त्या चौकोनात “वारा थांबतो त्या टेकडीमागे”
असं लिहून चालत नाही, मी लिहून पाहिलं.
तेव्हा माझाच पत्ता घातला. माझाच फोन. माझंच कार्ड.

महिन्याअखेर सांतियागोहून क्रिस्तोबाल नावाच्या
मुलाचा फोन आला. आवाज पोरसवदा, शब्द मोजूनमापून.
म्हणाला, तुमच्या भागात टीव्हीने गिऱ्हाइकं आणली नऊ.
रेडिओने त्रेचाळीस.
मी खुर्चीत जरा ताठ बसले.
पण बाई, म्हणाला,
हे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एकाच घरात राहतात.
तुमच्या घरात शहाऐंशी पाय आहेत का?

काय सांगायचं त्याला.
म्हटलं, पंच्याऐंशी.
म्हाताऱ्या बाऊदिलिओचा एक ट्रॅक्टरखाली गेला,
पण मोजा तो जोडीनेच मागवतो.

तो हसला नाही. संगणकाला संशय आला होता,
खातं बंद झालं.
जाहिरात मात्र तीस तारखेपर्यंत विकत घेतलेली,
ती वाचावीच लागते.
पिएस, मधे आडवी रेघ, तिबिओस.
आणि लगेच निरोपांच्या तासात, त्याच आवाजात:
“ज्यांच्या दोऱ्या माझ्याकडे आहेत त्यांनी
आणखी थोडं थांबावं. जाडं काही असेल तर
तेच पायात घालून झोपावं.”

काल संध्याकाळी बस उशिरा आली.
ड्रायव्हरने पाकीट दिलं, वर नाव नाही, आत चिठ्ठी नाही.
फक्त पांढऱ्या सुताचा एक तुकडा.
टेबलावर आडवा ठेवला, फूटपट्टी लावली.
साडेनऊ सेंटिमीटर.
अजून चालायलाही लागलं नसेल.